अकरा सतराची गाडी आणि माझा उजवा हात

सगळं एका गांधीलमाशीमुळे झालं. नाहीतर मी अडतीस वर्षं नगर कार्यालयाच्या पाणीपुरवठा खात्यात काढलेला माणूस. त्या अडतीस वर्षांत मी कुणाकडे बघून उगीच हात हलवल्याचं एकही उदाहरण सापडणार नाही. आमच्या खात्यात ती पद्धतच नव्हती.

निवृत्त झालो त्या वर्षीच्या मे महिन्यातला तो शनिवार. मी परसात वांग्याची रोपं लावत होतो. आमचं परस संपतं तिथून तीस पावलांवर रुळांचा भराव आहे. एरवी त्यावरून एका डब्याची गाडी जाते, तिच्यात शाळेची मुलं आणि दवाखान्यात निघालेल्या म्हाताऱ्या असतात, आणि तिच्याकडे बघायचं कुणाच्या मनातही येत नाही. पण शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी अकरा वाजून सतरा मिनिटांनी 'वाराबी' जाते. दोन डबे, मोठमोठ्या काचा, लोणच्यातल्या काकडीसारखा हिरवा रंग. तोक्योची माणसं तिच्यात बसून दरी बघत जेवतात. परतीच्या वेळी ती पोटभर जेवून झोपलेली असतात, त्यामुळे परतीच्या गाडीचा या हकिकतीशी संबंध नाही.

तर गाडी यायला आणि ती गांधीलमाशी माझ्या कानाशी यायला एकच गाठ पडली. मी दोन्ही हातांनी तिला हाकललं, अंगही थोडं हलवलं. आणि गाडीतून कुणीतरी मला हात केला.

आता सांगा, काय करायचं? समोरच्यानं हात केला, आपण केला नाही, म्हणजे आपण कोण लागून गेलो? मी हात केला. गाडी गेली. विषय संपला असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी परसातच होतो. (वांगी अर्धीच लावून झाली होती, गाडीसाठी थांबलो नव्हतो, हे मी बायकोला त्या वेळीही सांगितलं होतं.) गाडी आली. काल हात केला आणि आज नाही केला तर ते म्हणतील, आमचं काय चुकलं? मी हात केला.

"अहो, कालचे प्रवासी काल गेले," मित्सुए स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली. मित्सुए म्हणजे माझी बायको. "आजच्यांना काय माहीत काल तुम्ही हात केला होता ते?"

"माणसं बदलली तरी गाडी तीच आहे ना!" मी म्हटलं. यावर ती काही बोलली नाही. आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, आणि तिचं न बोलणं मला अजून नीट वाचता येत नव्हतं.

काम हाती घेतलं की ते नीट करायचं, हा माझा स्वभाव. मी रुंद काठाची गवती टोपी आणली, म्हणजे लांबून ओळख पटावी. चष्मा काढून ठेवायचा नियम केला, कारण काचेवर ऊन चमकून चालकाच्या डोळ्यांवर तिरीप गेली तर जबाबदार कोण? चष्म्याशिवाय मला गाडी म्हणजे एक हिरवी पट्टी दिसते आणि त्या पट्टीत काहीतरी पांढरं हलताना दिसतं. पण माणसाला भावना असली की दिसतं. खिडकीखिडकीतून हलणारे हात मला स्वच्छ दिसायचे.

जुलैत मला ताप आला आणि एक शनिवार चुकला. रविवारी सकाळी आठला मोहल्ला समितीचे अध्यक्ष इगाराशी दारात हजर. हे इगाराशी शाळेत कवायतीचे मास्तर होते, अजूनही दारात आले की शिट्टी मारल्यासारखे बोलतात.

"निशिगाकी! रेल्वेचा फोन आला होता माझ्याकडे! टोपीवाले आजोबा काल दिसले नाहीत, बरे आहेत ना, म्हणून विचारत होते!"

मी अंथरुणात उठून बसलो. रेल्वेचा फोन! अडतीस वर्षांत पाणीपुरवठा खात्यानं माझी अशी चौकशी केली नव्हती. अंगात अडतीस अंश ताप होता, पण अकरा सतराला मी वाफ्यात उभा होतो. आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

त्यानंतर शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. पलीकडच्या ओबाताबाई कुंपणावर कोपर टेकवून म्हणाल्या, "तुम्ही मनगटातून हलवता हो हात. लांबून वाटतं, माणूस डास मारतोय. खांद्यातून हलवा की जरा!" त्यांचे दिवंगत यजमान जहाजावर होते, त्यामुळे निरोप देण्याच्या बाबतीत बाईंचा शब्द आमच्याकडे शेवटचा मानतात. मी खांद्यातून हलवू लागलो. इगाराशींचं म्हणणं पडलं की एकट्या माणसानं हात करणं हे गावाला शोभत नाही, गावानं मिळून केलं पाहिजे. सूचनांची फळी घरोघर फिरली, वाचल्याची खूण म्हणून तेरा घरांनी आपापल्या नावाचे शिक्के मारले, आणि पुढच्या रविवारी आम्ही अकरा जण भरावाखाली रांगेत उभे राहिलो. दोन घरांनी शिक्का मारून कंबरदुखी कळवली.

झेंडे इगाराशींनी आणले होते. शाळेच्या क्रीडादिनाचे उरलेले. लाल.

रुळांशेजारी लाल कापड हलवलं की त्याचा अर्थ काय होतो, हे आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक आहे. आम्हा अकरा जणांचं मिळून वय सातशे बत्तीस. गाडी वळणावर दिसली, इगाराशी ओरडले, "एक, दोन!" आणि आम्ही अकरा लाल झेंडे जीव तोडून हलवले.

गाडीनं अशी काही किंकाळी फोडली की ओबाताबाईंचा झेंडा हातातून उडाला. चाकांतून ठिणग्या निघाल्या. आमच्या अगदी नाकासमोर ती थांबली. चालक खाली उतरला, पुढे काय कोसळलंय ते बघायला धावत गेला, धावत परत आला आणि आम्हाला विचारू लागला, "कुठे? काय? कुठे?" आम्ही अकरा जण झेंडे पाठीमागे लपवून उभे. आत बेचाळीस माणसांच्या मांडीवर मशरूमचं सूप सांडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि इगाराशी काळे सूट घालून, गोड बीनच्या वड्यांचा खोका घेऊन रेल्वेच्या कचेरीत माफी मागायला गेलो. तिथले व्यवस्थापक तोचिओकासाहेब फार सज्जन गृहस्थ. आम्ही कमरेतून वाकलो, तर ते आमच्यापेक्षा खाली वाकले. आम्ही आणखी वाकलो. ते म्हणाले, "चूक आमचीच, इतकं प्रेम आम्हाला ओळखता आलं नाही." मग काय करणार, आम्ही अजून खाली गेलो. शेवटी चहा घेऊन आलेल्या बाईंनी ट्रे टेबलावर आपटला तेव्हा कुठे तिघंही एकदम वर आलो.

त्यातून नियमावली निघाली. नगर कार्यालयानं अर्ज मागवला: 'रुळांलगत नियमित सार्वजनिक कृती'. तो अर्ज एकोणीस वर्षांपूर्वी मीच तयार केला होता. त्यातला सातवा रकाना 'कृतीचा हेतू (मोजता येईल असा)' मला दोन दिवस भरता आला नाही, आणि खिडकीतल्या पोरगेल्या कारकुनानं तो मला तीनदा परत केला. अखेर मंजुरी मिळाली: एकच व्यक्ती, रुळांपासून तीस पावलं, कोणतीही लाल वस्तू नाही, फक्त उजवा हात. खाली तीन शिक्के.

आता तुम्हीच विचार करा. इतकी माफी मागून, इतके शिक्के घेऊन मी हात करणं बंद केलं असतं, तर रेल्वेला काय वाटलं असतं? हा माणूस रुसला, असंच ना? मी रुसणारा माणूस नाही. त्यामुळे दोन वर्षं एकही शनिवार, एकही रविवार, एकही सुट्टी मी सोडली नाही. पावसात उभा राहिलो, बर्फात उभा राहिलो. सेंदाईच्या मुलीकडे नात झाली, ती बघायला मित्सुए एकटी गेली. गरम झऱ्यांची सहल दोनदा ठरली, दोनदा रद्द झाली. उजवा खांदा दुखायला लागला तो वेगळाच.

मग या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, मी ताटावर बसलो असताना मित्सुए म्हणाली, "माझी साठी सोळा तारखेला आहे. शनिवार येतोय. मी 'वाराबी'ची दोन तिकिटं काढलीयत. जेवणासकट."

माझ्या हातातला मुळा तसाच राहिला. "शनिवारी? अगं, पण अकरा सतराला मी..."

"मी गाडीत असणार," ती म्हणाली. "तुम्ही आत असाल की बाहेर, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण बाहेर असाल तर मी शेवटच्या स्टेशनावर उतरून तशीच पुढे सेंदाईला जाईन, आणि परतीचं तिकीट काढलेलं नाही."

हे तिनं शांतपणे, मला भात वाढत सांगितलं. मी घाबरलो. खरंच घाबरलो, त्यात लाजायचं काय? तिचं न बोलणं मला कधी वाचता आलं नव्हतं, पण हे बोलणं वाचायला चष्माही लागत नव्हता.

इगाराशींना मी बदली म्हणून नेमलं. माझी टोपी दिली, खांद्यातून हलवायचं दोन संध्याकाळी शिकवलं. ते म्हणाले, "मला काय शिकवता, मी तीस वर्षं कवायत घेतली!" आणि हात असा ताठ वर केला की कबुतरं उडाली.

सोळा तारखेला आम्ही गाडीत बसलो. मित्सुएनं मुलीनं पाठवलेली, साठीला घालतात ती लाल बंडी घातली होती. मी सूट घातला होता. चेस्टनटचा भात, भाजलेला नदीतला मासा, आणि मशरूमचं सूप. सूप बघून मला जरा अपराध्यासारखं झालं. मित्सुए इतकी खुश होती की तिनं माझ्या डब्यातला मासा न विचारता उचलला.

सव्वाअकरा झाले. मी चष्मा पुसला. आज पहिल्यांदा मला ते दृश्य आतून बघायला मिळणार होतं: आमचं परस, तो हात, आणि त्याला उत्तर देणारी अख्खी गाडी. मी उजव्या खिडकीला नाक लावलं. तेवढ्यात गोड आवाजात घोषणा झाली, "आता डावीकडे पाहा! आमच्या मार्गाची शान, राक्षसदरी!"

आणि सगळी गाडी उठून डावीकडे गेली.

सगळी! म्हातारी, तरणी, कॅमेरेवाली, दोन्ही डब्यांतली एकूण एक माणसं! आमच्या घराकडे त्यांच्या पाठी होत्या. पाठी तरी कसलं म्हणतोय मी, वाकून बघत होती सगळी. उजव्या खिडकीत मी एकटा. बाहेर इगाराशी माझी टोपी घालून कवायतीसारखा हात हलवत होते, आणि त्यांच्याकडे मुंगीचंही लक्ष नव्हतं.

मला घाम फुटला. दोन वर्षं! बर्फात! मी कुणाला हात करत होतो?

उत्तर डब्याच्या टोकाला उभं होतं. पन्नाशीचा कंडक्टर दारापाशी खिडकी उघडून उजवा हात बाहेर काढून हलवत होता, आणि तो वर राहावा म्हणून डाव्या हातानं त्याला कोपरापाशी आधार देत होता. चेहरा वेदनेनं पिळवटलेला. घर मागे पडलं तसा त्यानं तो हात डाव्या हातानं उचलून आत घेतला आणि भिंतीला टेकला. छातीवरच्या पाटीवर नाव होतं, मियाझोए.

"फार दुखतंय का हो?" मित्सुएनं उठून जवळ जाऊन विचारलं. मीही मागोमाग गेलो.

"माफ करा, प्रवाशांसमोर असं..." तो ओशाळला. "पन्नाशीचा खांदा म्हणतात ना, तो. डॉक्टर म्हणतात, हात वर करायचा नाही. पण इथे एक आजोबा आहेत. दोन वर्षं झाली, एक दिवस चुकवत नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनीच केला हात. तोही दोन्ही हातांनी, अंग हलवून, इतक्या प्रेमानं! मी उत्तर दिलं. मग रोजचंच झालं."

"बाकी कुणी करत नाही हात?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"इकडे कोण बघतंय साहेब? उजवीकडे आहे काय? एक घर, चार वांगी आणि ते आजोबा. मीच एकटा. सुट्टीही घेता येत नाही हो मला शनिवारी. मुलाच्या शाळेच्या शर्यती दोन वर्षं बघितल्या नाहीत. पण त्या म्हाताऱ्या माणसाला बंद करा म्हणून कसं सांगणार? त्यांना किती वाईट वाटेल!"

मी तोंड उघडलं. "मीच तो" हे दोनच शब्द म्हणायचे होते. पण म्हटले असते तर त्या सज्जन माणसाला तिथल्या तिथे गाडीतून उडी मारावी लागली असती. मी तोंड मिटलं.

तेव्हा मित्सुए, छत्तीस वर्षांत एकदाही खोटं न बोललेली माझी बायको, लाल बंडी सारखी करत म्हणाली, "ते वारले."



"वारले?" मियाझोए पांढराफटक पडला. "पण आत्ता तर..."

"ते शेजारचे इगाराशी होते. त्यांच्या आठवणीसाठी आज उभे राहिले."

"म्हणूनच!" तो कपाळावर हात मारून म्हणाला. "टोपी तीच, पण हात वेगळा! मला वाटलंच!" आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्यासमोर उभा राहून माझ्यासाठी ढसाढसा रडला. मी खिशातून रुमाल काढून त्याला दिला. दुसरं काय करणार?

"हे काय केलंस तू?" जागेवर परत येताच मी दातांतून विचारलं.

"त्यांना थांबा म्हणवत नाही, तुम्हाला थांबवत नाही," ती माझं सूप स्वतःकडे ओढत म्हणाली. "कुणीतरी मरायलाच हवं होतं. त्यांचा मुलगा अजून शाळेत आहे."

मेलेल्या माणसाला बोलायला असतंच काय?

मंगळवारी दुपारी तोचिओकासाहेब शोकाच्या पांढऱ्या शेवंत्या घेऊन स्वतः दारात आले. माफी मागायला गेलो तेव्हा त्यांनी मला अगदी जवळून बघितलेलं! मी कपाटात गाद्यांच्या मागे घुसलो. फटीतून दिसत होतं: साहेबांनी पूर्वजांच्या देवघरापुढे गुडघे टेकले, उदबत्ती लावली आणि माझ्या वडिलांच्या फोटोला हात जोडले. "फोटोत बरेच तरुण दिसतात," ते हळहळले. "तरुणपणीचाच आहे," मित्सुए म्हणाली. निदान एवढं तरी खरं होतं.

तेवढ्यात बाहेरून शिट्टीसारखा आवाज आला, "निशिगाकी! मुळे उपटायला येताय ना?" आणि इगाराशी सरळ आत. शेवंत्या बघितल्या, उदबत्ती बघितली, काळ्या सुटातले साहेब बघितले, आणि मटकन खाली बसले.

"अहो, सकाळी तर कचरा टाकायला भेटले होते मला!"

"आयुष्याचा काय भरवसा," साहेब त्यांचा खांदा थोपटत म्हणाले. इगाराशी धाय मोकलून रडू लागले. तीस वर्षं पोरांना रडू नका म्हणून दटावणारा माणूस! कपाटात माझेही डोळे भरून आले. मी गेल्याचं कुणाला इतकं वाईट वाटेल, याची मला कल्पनाच नव्हती.

साहेब गेल्यावर मी बाहेर आलो. इगाराशींनी मला बघून जी किंकाळी फोडली तिच्यापुढे रेल्वेचा ब्रेक काहीच नाही. अर्धा तास त्यांना पाणी पाजलं, मग अर्धा तास त्यांच्या शिव्या खाल्ल्या. पण माणूस कर्तव्याला पक्का. बुधवारी सूचनांची फळी फिरली: 'श्री. निशिगाकी हे शनिवार, रविवार व सुट्टीच्या दिवशी सकाळी ११:१० ते ११:२५ या वेळेत मृत असतील. सर्वांनी सहकार्य करावे.' तेरा घरांनी शिक्के मारले. ओबाताबाईंनी खाली पेन्सिलीनं लिहिलं, 'शेवटी शेवटी हात चांगला जमायला लागला होता.'

शनिवार आला. अकरा दहाला मी मेलो, म्हणजे स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो. मित्सुएनं पडदा ओढला आणि माझ्या शेजारी बसली. पडद्याला दोन बोटं फट होती. चष्मा मी घातला होता.

गाडी वळणावर आली आणि हळू झाली. एक लांबलचक शिट्टी. उघड्या खिडक्यांतून घोषणा ऐकू आली, "आता उजवीकडे पाहा. या घरातल्या एका गृहस्थांनी दोन वर्षं, उन्हापावसात, आपल्या गाडीला हात केला..."

आणि अख्खी गाडी उजवीकडे आली. काचेकाचेला चेहरे, खरे, नाकडोळ्यांसकट. कुणी मान झुकवली होती, कुणी हात जोडले होते. एक म्हातारी हात हलवत होती. दाराशी मियाझोए उभा होता, उजवा हात गळ्यात बांधलेल्या झोळीत, आणि डाव्या हातानं टोपी छातीशी धरलेली.

दोन वर्षं जे मला बिनचष्म्याचं दिसायचं, ते आज चष्म्यातून खरंच समोर होतं, आणि मी होतो मेलेला! माझा उजवा हात आपोआप वर जायला लागला. शप्पथ सांगतो, मी उचलला नाही, तो निघाला. मनगट पडद्याच्या फटीपर्यंत पोचलंही.

मित्सुएनं तो धरला. दोन्ही हातांनी धरून खाली आणला आणि आपल्या मांडीवर घट्ट दाबून ठेवला.

"दोन वर्षं याच खिडकीतून मी तुमची पाठ बघितलीय," ती हळूच म्हणाली.

गाडी पुढे गेली, बोगद्यात शिरली, शिट्टीही थांबली. अकरा पंचवीस झाले, मी जिवंत झालो.

"गेली गाडी," मी म्हटलं.

"माहितीये," ती म्हणाली. हात सोडला नाही.